घरांतील समुद्र व त्याचा शांत पंप

विद्यार्थीमित्रहो, शिरूर हें घोडनदीच्या कांठीं आणि दौंड हें भीमेच्या कांठीं वसलेलें गांव. दोन्ही ठिकाणांहून समुद्र दीडशें किलोमीटरांच्या आसपास किंवा त्याहूनहि दूर आहे. तुमच्यापैकीं पुष्कळांनीं तो सहलीच्या निमित्तानेंच पाहिला असेल. तथापि त्या समुद्राचा एक लहानसा तुकडा कांचेच्या टाकींत भरून घरांत ठेवण्याचा छंद आतां आपल्या पठारावरील गांवांपर्यंत येऊन पोंचला आहे. त्या टाकीस रात्रंदिवस चालता ठेवणाऱ्या एका लहानशा यंत्राविषयीं आज लिहावयाचें आहे. हा विषय निवडण्यास आम्हांस एक कारण घडलें. तें आधीं सांगितलें पाहिजे.

शिरूर येथील आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं घरीं खाऱ्या पाण्याची टाकी मांडण्याचें ठरविलें. गृहस्थ शेतकरी, हौशी व प्रेमळ. "सर, पंप कोणता घ्यावा?" असें त्यांनीं आम्हांस विचारिलें. आम्ही विज्ञान शिकवितों, म्हणून त्यांचा आमच्यावर भरंवसा. आम्हीं फारसा विचार न करितां उत्तर दिलें, "मोठा घ्या. मोठा पंप कधीं कमी पडत नाहीं." त्यांनीं मोठा पंप आणिला. टाकी बाहेरच्या खोलींत होती. त्याच खोलींत मुलगा अभ्यास करी, आणि तेथेंच तो व त्याची आजी रात्रीं निजत. एप्रिल महिना, नववीची वार्षिक परीक्षा, आणि खोलींत अखंड घूंऽऽ असा आवाज. एके रात्रीं मुलगा कूस बदलतो आहे असें पाहून आजींनीं उठून बटण बंद केलें. "माशांनाहि रात्रीं विसावा लागत असेल, असें मला वाटलें हो, मास्तर," असें त्या मागाहून आम्हांस म्हणाल्या. सकाळीं सहा माशांपैकीं चार मेलेले आढळले, आणि उरलेले दोन पाण्याच्या पृष्ठाशीं तोंड उघडून धापा टाकीत होते.

घरांत आजींना कोणी एक शब्दहि बोललें नाहीं. परंतु पुढें कित्येक दिवस त्या टाकीकडे पाठ करून बसत. अपराध त्यांचा नव्हता. आमच्या घाईच्या उत्तराचा होता. शांत पंप ही चैनीची वस्तु आहे अशी आमची समजूत होती. परंतु गोंगाट करणारा पंप केव्हांना केव्हां कोणीतरी बंद करणारच, आणि तो बंद झाला कीं टाकींतील जीवांचा श्वास बंद होतो, हें आम्ही त्या दिवशीं शिकलों. तेव्हां जें उत्तर आम्हीं विचार करून द्यावयास हवें होतें, तें आज उशिरां कां होईना देत आहों.

प्रथम हें पाहूं कीं पंप लागतोच कशाला. मासे पाण्यांत विरघळलेल्या प्राणवायूवर जगतात. २५ अंश सेल्सियस उष्णतेच्या एका लिटर गोड पाण्यांत सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु राहूं शकतो. तितक्याच उष्ण समुद्राच्या पाण्यांत पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास. पाणी जों जों तापतें, तों तों हा सांठा आणखी कमी होतो. म्हणजे खाऱ्या पाण्यांतील माशाची शिदोरी मुळांतच लहान, आणि आपल्या उन्हाळ्यांत ती अधिकच लहान होते. शिवाय रात्रीं टाकींतील शेवाळ प्राणवायु देत नाहीं, उलट घेतें. दगडांवर वाढलेले उपयुक्त जंतूहि घेतातच. पाणी हलतें राहून त्याचें पृष्ठ सतत पालटत राहिलें, तरच हवेंतला प्राणवायु आंत येत राहतो.

हें ज्ञान जुनें आहे. १८४६ सालीं ॲना थिन् या इंग्रज बाईनें समुद्रकांठचीं प्रवाळें लंडनमधील आपल्या घरीं आणून जगविलीं. त्या वेळीं विजेचा पंप कोठून असणार? तिची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशीं उभी राहून तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत असे. घरांतील समुद्राचा पहिला पंप म्हणजे एका कष्टाळू स्त्रीचे हात होते. पुढें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, आणि आपल्या मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं सुरू झालें. मुंबईचें मत्स्यालय समुद्राच्या शेजारीं होतें. आपणांस शुद्ध केलेल्या पाण्यांत बाजारचें तयार समुद्रमीठ कालवून समुद्र बनवावा लागतो. एका लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार. स्वयंपाकाचें मीठ येथें चालत नाहीं, कारण समुद्रांतील मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादि द्रव्यें त्यांत पुरेशीं नसतात.

आतां रचना पाहूं. चांगल्या खाऱ्या टाकीस दोन मजले असतात. वरची टाकी शोभेची. खालची कपाटांत दडलेली, तिला संप म्हणतात. धरणास सांडवा असतो तसा वरच्या टाकीच्या एका कडेस सांडवा असतो. पाणी त्यावरून सांडून नळीनें खालीं उतरतें, संपांत गाळलें जातें, आणि शेवटच्या कप्प्यांतून पंप तें पुन्हां वर पोंचवितो. म्हणून या पंपास परतीचा पंप म्हणतात. पाणी खालीं नेण्याचें काम गुरुत्वाकर्षण फुकट करितें. मोल द्यावें लागतें तें वर आणण्याचें.

येथें शेतकरी पालकांस आम्हीं कांहीं नवें सांगावें असें नाहीं. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालीं उभा राहिला, आणि तेव्हांपासून मोटेची जागा पंपानें घेत घेत आज भीमेच्या व घोडनदीच्या कांठचीं मुलेंहि 'हेड' हा शब्द सहज बोलतात. पाणी किती उंच चढवावयाचें तें हेड. विहीर खोल गेली कीं तोच पंप पाणी कमी देतो, हें तुम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. कांचेच्या टाकीचा नियमहि अगदीं हाच. खोक्यावर जो आंकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, तो पाणी मुळींच वर न चढवितां मिळणारा असतो. त्याच्या शेजारीं लहान अक्षरांत सर्वांत मोठें हेड दिलेलें असतें. तितक्या उंचीवर पंप चालतो खरा, पण पाण्याचा थेंबहि बाहेर पडत नाहीं. खरें काम या दोन टोकांच्या मध्यें चालतें.

एक उदाहरण करूं. टाकी १०० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच आहे. तिच्यांत सुमारें २०० लिटर पाणी मावेल. परतीच्या पंपानें टाकीचें सर्व पाणी तासांत तीन ते पांच वेळां फिरविलें म्हणजे पुरें होतें. प्रवाळांस याहून अधिक हालचाल लागते, पण ती वरच्या टाकींतच पाणी ढवळणाऱ्या निराळ्या लहान पंपानें द्यावी. आपण चार वेळां धरूं. म्हणजे ताशीं ८०० लिटर. संपांतील पाण्याच्या पृष्ठापासून वरच्या तोंडापर्यंत उंची १.२ मीटर, नळी व तिच्या वळणांतील घर्षणाबद्दल आणखी ०.३ मीटर. एकूण हेड १.५ मीटर झालें.

आतां दुकानांतील तीन पंप घेऊं. पहिला ताशीं १५०० लिटरांचा, सर्वांत मोठें हेड २ मीटर. आपलें हेड त्याच्या तीन चतुर्थांश आहे; तेव्हां अंदाजापुरतें एक चतुर्थांश पाणी, म्हणजे ३७५ लिटर मिळेल. हा अपुरा. दुसरा ताशीं २००० लिटरांचा, हेड ३ मीटर. यापासून निम्में, म्हणजे १००० लिटर मिळेल. हा योग्य, आणि हातीं थोडी शिल्लकहि राहते. तिसरा ताशीं ४००० लिटरांचा, हेड ४ मीटर. हा ताशीं २५०० लिटर देईल. टाकीचें पाणी तासांत बारा वेळांहून अधिक फिरेल, सांडव्यावरून धबधबा कोसळेल, आणि वीजबिलहि वाढेल. आम्हीं सुचविलेला 'मोठा' पंप हाच होता. हा हिशेब सरळ रेषेचा आहे. प्रत्यक्षांत पंपाची रेषा थोडी वांकडी असते व चांगले कारखाने ती छापून देतात. ती मिळाल्यास तीच प्रमाण मानावी.

एवढें झाल्यावर आवाजाकडे वळूं. आपण ज्यास 'पंपाचा आवाज' म्हणतों, तो बहुधा चार निरनिराळ्या आवाजांचा मेळ असतो, आणि ज्याचा त्याचा उपाय निराळा आहे.

पहिला आवाज मोटरीचा. आपल्या घरची वीज सेकंदास ५० आवर्तनें करिते, आणि प्रत्येक आवर्तनांत चुंबकास दोनदां हिसका बसतो. म्हणून साध्या पंपाची घूंघूं सेकंदास १०० कंपनांची असते. हा खर्जाचा सूर हवेवाटे फारसा येत नाहीं, लांकडावाटे येतो. तंबोऱ्याची तार नुसती छेडली तर मंद वाजते. भोपळा जोडला कीं खोली भरून टाकते. पंप कपाटाच्या तळास किंवा कांचेस टेकला, कीं सबंध कपाट त्याचा भोपळा होतें. यास्तव पंपाखालीं जाड रबर किंवा स्पंज ठेवावा, तो कोणत्याहि भिंतीस लागूं देऊं नये, आणि ताठ नळी व पंप यांच्यामध्यें वीतभर मऊ सिलिकॉनची नळी घालावी.

दुसरा आवाज खडखडीचा. आंतील पंखा, ज्यास इम्पेलर म्हणतात, तो एका बारीक दांड्यावर फिरतो. दांड्यावर चुन्याचा थर बसला किंवा त्याचें भोंक झिजलें, कीं पंखा डगमगतो. पंप उघडून थोडा वेळ शिरक्यांत किंवा लिंबाच्या रसांत चालवावा अथवा भिजवावा, मग मऊ ब्रशानें साफ करून स्वच्छ पाण्यानें धुवावा. दर दोनतीन महिन्यांनीं हें केल्यास बहुतेक खडखड उत्पन्नच होत नाहीं. म्हणून सहज उघडतां येणारा, आणि ज्याचा पंखा व दांडा सुटा विकत मिळतो, असाच पंप घ्यावा.

तिसरा आवाज हवा गिळण्याचा. आपल्या कोरड्या उन्हाळ्यांत पाणी भराभर उडून जातें. वरच्या टाकीची पातळी सांडवा ठरवितो, म्हणून ती कमी होत नाहीं. सर्व तूट पंपाच्या कप्प्यांत दिसते. तेथें पाणी उतरलें कीं पंप हवा ओढूं लागतो, खर्र खर्र करितो, आणि टाकींत बारीक बुडबुडे सुटतात. दोष पंपाचा नव्हे. रोज गोडें शुद्ध पाणी घालून पातळी राखावी. खारें घालूं नये, कारण वाफ होऊन जातें तें पाणीच, मीठ मागें उरतें. तसेंच प्रवाह कमी करावयाचा झाल्यास झडप पाणी बाहेर टाकणाऱ्या बाजूस बसवावी. ओढणाऱ्या बाजूस गळा आवळला, तर पंप तडतडतो व लवकर खराब होतो.

चौथा आवाज मुळीं पंपाचा नसतोच. सांडव्यावरून उतरणारी नळी अर्धी पाण्यानें व अर्धी हवेनें भरली, कीं गटगट वाजते. पूर्ण भरून वाहणारी नळी शांत असते. म्हणून जाणते लोक दोन नळ्या ठेवितात: एक झडपेनें जुळवून पूर्ण भरलेली, आणि दुसरी तिच्याहून उंच, नेहमीं मोकळी. पहिली तुंबल्यास दुसरी पाणी वाहून नेते व घर भिजत नाहीं. पुष्कळ जण पंप बदलतात, आणि आवाज या नळीचा असतो. तेव्हां पैसे खर्चण्यापूर्वीं पंप क्षणभर बंद करून, कोणता आवाज तत्काळ थांबतो व कोणता पाणी उतरेपर्यंत रेंगाळतो, हें कान देऊन ऐकावें.

आतां जातींविषयीं. पाण्यांत बुडणारा पंप शांत असतो, कारण पाणी त्याचा आवाज झांकतें. परंतु त्यानें खाल्लेली जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णता होऊन पाण्यांतच उतरते. ४० वॅटचा पंप २०० लिटर पाण्यास, उष्णता बाहेर गेलीच नाहीं असें धरल्यास, तासास सुमारें एक षष्ठांश अंश तापवील. प्रवाळांस २४ ते २७ अंशांचें पाणी मानवतें, आणि आमच्याकडे मे महिन्यांत बाहेर ४० अंश होतात. म्हणून कमी वॅटचा पंप हाच येथें शहाणा. बाहेर बसणारा पंप पाणी कमी तापवितो, पण त्याचा थंडावणारा पंखा वाजतो व सांधे गळण्याची भीति असते. घरच्या टाकीस बहुधा बुडणाराच बरा.

त्यांतहि दोन प्रकार आहेत. घरच्या विजेवर थेट चालणारा ए.सी. पंप स्वस्त व टिकाऊ, पण त्याची गति एकच. डी.सी. पंपास बहुधा २४ व्होल्टची वीज एका नियंत्रकांतून मिळते. तो हळूहळू सुरू होतो, त्याची गति कमीअधिक करितां येते, आणि तो सामान्यतः फार शांत असतो. मात्र तो महाग, आणि त्याचा नियंत्रक बिघडण्याचा संभव राहतो. अभ्यासाच्या किंवा निजावयाच्या खोलींत टाकी असेल, तर आम्ही डी.सी. पंप सुचवूं, आणि तो पूर्ण गतीनें न चालवितां दोनतृतीयांश गतीनें आपलें काम भागेल असा निवडावा असें सांगूं. जो बैल सर्व शक्तीनें ओढीत नाहीं, तो धापा टाकीत नाहीं.

शेतावरचा जुना पंप येथें वापरूं नये, हें निराळें सांगावयास नको असें वाटेल. पण आम्हांस तसें विचारणारे भेटले आहेत. त्यांतील लोखंड खाऱ्या पाण्यांत गंजतें, आणि पितळेंतील तांबें पाण्यांत उतरून प्रवाळें, कोळंबी इत्यादि जीवांस विषासारखें बाधतें. खाऱ्या पाण्याच्या पंपांत पाण्यास लागणारे भाग प्लास्टिक, चिनी माती किंवा टायटॅनियम यांचेच असावेत.

राहिली वीज जाण्याची गोष्ट. पंप थांबला कीं वरचें पाणी त्याच नळीनें उलट खालीं येऊं लागतें, आणि नळीचें तोंड हवेंत उघडें पडेपर्यंत येतच राहतें. आपल्या उदाहरणांतील टाकीची पातळी एक सेंटिमीटर उतरली म्हणजे साडेचार लिटर पाणी खालीं जातें. तोंड तीन सेंटिमीटर बुडालेलें असेल तर साडेतेरा लिटर. दहा सेंटिमीटर बुडालेलें असेल तर पंचेचाळीस लिटर, आणि तितकी जागा संपांत नसेल तर तें सर्व फरशीवर. पाणी उलट न येऊं देणारी झडप मिळते; परंतु शेतावरचा फूटव्हॉल्व्ह कचऱ्यानें अडकतो तशी ही क्षारांनीं अडकते, म्हणून केवळ तिच्यावर विसंबूं नये. नळीचें तोंड उंच ठेवावें, संपांत जागा मोकळी सोडावी, आणि टाकी मांडल्या दिवशींच मुद्दाम बटण बंद करून पाहावें. दीर्घकाळ वीज जाते तेथें बॅटरीवर चालणारा एक लहान हवेचा पंप जवळ असूं द्यावा. तो अल्प खर्चांत सर्व मासे वांचवितो.

दौंडच्या पालकांस एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्यांच्या गांवीं रात्रभर गाड्या येतात व जातात, पण जंक्शनच्या माणसाची झोप त्यानें मोडत नाहीं. कोणी विचारील, मग एवढ्याशा पंपाचें काय? गाडी येते आणि जाते. पंप जात नाहीं. आपल्या देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठीं रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती घराबाहेरची. उशाशीं असणारा पंप त्याहून पुष्कळच शांत असला पाहिजे. दुकानांतील गर्दींत कोणताहि पंप शांत वाटतो. त्याची खरी परीक्षा घरीं, मध्यरात्रीं होते. म्हणून बदलून देण्याचें दुकानदाराकडून आधीं कबूल करून घ्यावें. पंप कोरडा मात्र कधींहि चालवून पाहूं नये. पाणी हेंच त्याचें वंगण आहे.

आणखी एक कर्तव्य. टाकी शांत व निरोगी झाली म्हणजे प्रवाळांचा मोह होतो. आपल्या किनाऱ्यावरील खडक बांधणारीं प्रवाळें व समुद्रघोडे यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अभय दिलें आहे. सहलीस गेल्यावर तीं उचलून आणूं नयेत. मासेहि शक्य तर पाळीव जोडीपासून जन्मलेले घ्यावेत.

त्या शिरूरच्या घरीं पुढें काय झालें, हें सांगून लेख पुरा करितों. वांचलेले दोन मासे अजून आहेत. आम्हीं व मुलानें मिळून वरील हिशेब मांडला, आणि वडिलांनीं दुसऱ्या प्रकारचा पंप आणिला. पहिल्या दिवशीं मुलानें परतीच्या नळीखालीं दहा लिटरांची बादली धरून घड्याळ लाविलें. ती पंचेचाळीस सेकंदांत भरली. त्यानें लगेच तोंडीं हिशेब केला: ताशीं ८०० लिटर. बटणावर त्यानें एक कागद चिकटविला आहे, 'बंद करूं नये.' परंतु आतां रात्रीं त्या खोलींत भिंतीवरील घड्याळाची टिकटिक ऐकूं येते, आणि तो कागद वाचण्याची कोणास गरज पडत नाहीं. आजी पुन्हां टाकीसमोर बसूं लागल्या आहेत.

विद्यार्थ्यांनीं घरीं करून पाहावें:

१. ८० लिटरांची टाकी आहे. ताशीं चार वेळां पाणी फिरवावयाचें आहे. एकूण हेड १ मीटर. सर्वांत मोठें हेड २ मीटर असलेला पंप खोक्यावरील किती लिटरांचा घ्यावा?

२. २५ वॅटचा पंप अखंड चालला तर ३० दिवसांत किती युनिट वीज लागेल?

३. तुमच्या घरांतील कोणतेंहि वाजणारें यंत्र आधीं फरशीवर, मग घडी घातलेल्या घोंगडीवर ठेवून ऐका. आवाजांत काय फरक पडला, व कां, तें आपल्या शब्दांत लिहा.